कवळीताईंची सव्वाआठची बस

दातांच्या कारखान्यात लागून ताईंना एकोणीस वर्षं झाली होती. कारखाना आपला म्हणायचा. दातांच्या एका दवाखान्यामागची लांबट खोली, तीन टेबलं, दोन दिवे, एक घासायचं मशीन आणि सगळ्यावर कायमची बसलेली प्लॅस्टरची पांढरी पूड. शहरभरच्या डॉक्टरांकडून बोळक्या तोंडांचे साचे इथे यायचे आणि त्यांच्या कवळ्या होऊन जायच्या. बसच्या ड्रायव्हरने ताईंचं नाव कवळीताई पाडलं आणि ते चिकटलं. ताईंनाही ते आवडायचं. "निम्म्या शहराचं हसू माझ्या हातचं आहे," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

कारण हात खरंच होता. बाकीचे दोघे दात एका ओळीत लावून मोकळे व्हायचे, कवायतीला उभे केल्यासारखे. ताई मात्र डॉक्टरांना निरोप धाडायच्या की पेशंटचा तरुणपणीचा फोटो पाठवा, हसताना काढलेला. मग त्या समोरचा एक दात किंचित वाकडा बसवायच्या, एखादा जरा पुढे घ्यायच्या. एकदा एका म्हातारीने नवी कवळी घातली, आरशात पाहिलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. नवरा तिच्याकडे बघून रडायलाच लागला. डॉक्टरांनी ही हकिगत फोनवर सांगितली तेव्हा ताई दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत, इतक्या खूश होत्या.

त्यांचे पाय वयाच्या सहाव्या वर्षी तापात गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. नोकरी शोधायला निघाल्या तेव्हा सगळीकडे पहिला प्रश्न एकच असायचा, "जिना चढायला जमेल का?" ताई खरं सांगायच्या. समोरचा माणूस अगदी मायेने कागद मिटून परत द्यायचा. चार ठिकाणी असं झाल्यावर आई म्हणाली, "जमत नाही हे घरात म्हण. माझ्यापाशी म्हण, हवं तितकं म्हण. बाहेर कुणी विचारलं की जमतं म्हणायचं. पुढचं पुढे बघू."

पाचवं ठिकाण हा कारखाना. मालकांनी विचारलं, "दाराशी दोन पायऱ्या आहेत. जमेल?"

"जमतं," ताई म्हणाल्या, आणि नोकरी लागली.

आठवड्याने मालकांनीच एका जुन्या कपाटाचं दार काढून पायऱ्यांवर उतार म्हणून टाकून दिलं. माणूस वाईट नव्हता. पण शब्द ताईंच्या जिभेवर बसला तो बसलाच. अंगात ताप आहे, आज बसवेल का? जमतं. भिंतीवरचा डबा उंच आहे, काढून देऊ का? नको, जमतं. आई गेली, त्यानंतर तर दुसरं काही म्हणायला घरातही जागा राहिली नाही.

सोळा वर्षं दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, त्यांना स्कूटरवरून नेलं-आणलं. एक खुर्ची घरी, एक कारखान्यात. सकाळी उचलून मागच्या सीटवर बसवायचं, पट्ट्याने आपल्या कमरेशी बांधायचं, तिकडे पोचल्यावर पुन्हा उचलायचं. "पोत्याची ने-आण करतोय," असं दादा म्हणायचा आणि ताई त्याच्या पाठीत एक गुद्दा घालायच्या. मग त्याच पाठीतला मणका सरकला. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनींनी ते ऐकून नुसतं ताईंकडे पाहिलं.

त्यांचं नशीब म्हणा, त्याच महिन्यात सव्वाआठची बस सुरू झाली. ठेंगणी बस, दारात दुमडलेला लोखंडी पत्रा. ड्रायव्हरने खाली उतरायचं, आकड्याने पत्रा ओढून फुटपाथवर टेकवायचा, खुर्ची आत ढकलायची आणि खिडकीशी एका पट्ट्याने बांधायची. जागा एकच, पट्टा एकच. सगळ्या शहरात अशी बसही एकच होती, प्रयोग म्हणून आणलेली. या सगळ्याला दीड मिनिट लागायचं. तेवढ्यात बसमधल्या यच्चयावत मंडळींना आपापली घड्याळं आठवायची. ड्रायव्हर मुद्दाम सावकाश पट्टा बांधायचा आणि मोठ्याने विचारायचा, "काय कवळीताई, आज कुणाचे दात?"

तीन वर्षं ताई कुणाच्याही हाताशिवाय कामावर गेल्या. कधी उशीर झाला तर तो त्यांचा स्वतःचा उशीर असायचा, आणि मालकांचं बोलणं खातानासुद्धा त्यांना त्याचं जरा कौतुक वाटायचं.

मग मोजणीवाला आला. वाहतूक कार्यालयातला माणूस, कोणत्या बसने कोण जातं ते नोंदायला निघालेला, हातात फळी, फळीवर कागद. तो ताईंच्या मागोमाग कारखान्यासमोरच्या थांब्यावर उतरला. दारात मालक उभे होते. आठच दिवसांपूर्वी ते म्हणाले होते, "बाई, वय होत चाललंय. हे रोजचं येणं-जाणं किती दिवस जमणार?" ते बोलणं ताईंच्या मनात कुसळासारखं राहिलं होतं.

मोजणीवाल्याने तिथेच, मालकांच्या देखत, मोठ्या आवाजात विचारलं, "बाई, ही बस नसली तर साध्या बसने येणं जमतं का?"

"जमतं," ताई म्हणाल्या. विचार करायला वेळच घेतला नाही. वर ठसक्यात सही केली. मालकांनी समाधानाने मान हलवली आणि ताईंचा जीव भांड्यात पडला. आपण काय करून बसलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दोन महिन्यांनी एका सोमवारी सव्वाआठला उंच बस आली. तीन पायऱ्या, अरुंद दार, अनोळखी ड्रायव्हर. ती बस दुसऱ्या मार्गावर गेली, एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी दोघा प्रवाशांनी ताईंना काखेत हात घालून वर ओढलं. मंगळवारीही ओढलं. बुधवारी एकाची पकड सुटली आणि ताई पायरीवर आपटल्या. साडी वर सरकली, ती खाली घ्यायला एक हात मोकळा नव्हता. कुणीतरी "च्च च्च" केलं. ताईंना लागल्यापेक्षा ते लागलं. गुरुवारी दादाने वहिनींना न सांगता स्कूटर बाहेर काढली, ताईंना उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. त्याला चार दिवस अंथरुणातून उठता आलं नाही.

रोजची टॅक्सी परवडणारी नव्हती, पण दादा उठल्यावर दोघं एकदा टॅक्सी करून वाहतूक कार्यालयात गेली. अपंगांच्या सोयींचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट अर्थातच नव्हती. ज्याने ही जागा ठरवली त्याच्या बुद्धीची आरतीच ओवाळायला हवी. तासाभराने कारकून खाली आला. त्याने ताईंचा कागद शोधून आणला होता.

"हे बघा. साध्या बसने जमतं. सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण तेव्हा मालक समोर उभे होते हो."

कारकुनाला मालकांचा काय संबंध ते कळलं नाही, आणि ताईंनाही ते सांगता येईना. एकोणीस वर्षांचं कारण एका वाक्यात कसं सांगणार?

"त्या मार्गावर एका मुलीने जमत नाही म्हणून लिहून दिलं," कारकून म्हणाला. "बस एकच आहे, बाई. मी काय करू? फेरतपासणीचा अर्ज करा." त्याने अर्ज दिला, वर कुठला मार्ग, कुठला थांबा तेही सांगितलं.

अर्ज दोन पानांचा होता. सगळं भरून झालं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं: सध्या सोय घेत असलेल्या प्रवाशापेक्षा आपली गरज अधिक कशी, ते लिहावे. ताई दोन दिवस तो रकाना समोर घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी दादाला म्हणाल्या, "मला ती मुलगी बघायचीय."

टॅक्सीवाल्याने त्यांना उचलून त्या थांब्यावर खुर्चीत बसवलं. समोर तीन मजली चाळवजा इमारत होती. जरा वेळाने एक माणूस जिन्याने खाली आला, एका हाताने छातीशी धरलेली मुलगी, दुसऱ्या हातात दुमडलेली खुर्ची. चांगला पैलवान गडी, श्वासही वाढला नव्हता. त्याने मुलीला बसवलं, तिची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून गाठ मारली आणि तिने "अच्छा बाबा" म्हटल्यावर कामावर निघून गेला. मुलगी विशीची असेल. डबा मांडीवर घट्ट धरून ती रस्त्याकडे बघत होती.

ताईंना पाहून हसली. "तुम्हीपण याच बसने?"

"नाही गं. तू कुठे जातेस?"

"फोनवर तक्रारी घ्यायचं काम आहे. लागून दोनच आठवडे झालेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अजून रोज वाटतं, आज बस येणार नाही."

बस आली. ड्रायव्हर तोच. तो खाली उतरला, आकडा हातात घेतला आणि ताईंना पाहून थबकला. "कवळीताई, तुम्ही?" ताईंनी नुसता हात केला. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि मान खाली घालून पत्रा ओढला. या वेळी पट्टा त्याने भराभर बांधला. मुलीने खिडकीतून हात हलवला, ताईंनीही हलवला.

परतताना टॅक्सीत दादाने हळूच विचारलं, "अर्ज आजच देऊन टाकायचा का?"

"त्या मुलीला उचलायला धडधाकट बाप आहे," ताई म्हणाल्या. "तिला टॅक्सीतही तो बसवू शकेल, साध्या बसमध्येही चढवू शकेल. मला तसं कुणी उरलं नाही. रकान्यात मी हेच लिहिणार होते, दादा. आणि ते खरं आहे."

"मग लिही की."

"किती वर्षं उचलेल तो तिला?" म्हणत ताईंनी रकाना कोराच ठेवून अर्जाची घडी घातली.

दादाचा हात आपोआप दुखऱ्या कमरेला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याकडे गेला होता, तो हात त्याने काढून मांडीवर ठेवला. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. दादासमोर त्या आई गेली तेव्हाही रडल्या नव्हत्या. कारखान्यातलं टेबल, अर्धवट दात लावलेला साचा, दिव्याखालची ती खुर्ची, सगळं गेलं हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्या भर दिवसा, टॅक्सीवाल्याच्या देखत, तोंड न झाकता रडत राहिल्या.

"घरीच ना?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"घरीच," दादा म्हणाला.