हौदाच्या किल्लीची ड्युटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मी फौजेत नव्हते. पण दोन दिवस मी हवालदार विश्राम तावडे यांच्या हाताखाली ड्युटी केली. त्यांना रिपोर्ट जसा लागायचा तसाच लिहिते. आधी ठिकाण, मग वेळ, मग काय झालं ते.

ठिकाण लालबागमधली आमची चाळ. खोल्या बत्तीस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. माझे मालक सत्याग्रहात पकडले गेले होते, मी खोलीत एकटी होते. बुधवारी गल्लीच्या तोंडाशी रस्ता अडवायला आमच्याच माणसांनी फरशा उखडल्या. पहार खालच्या पाइपवर बसली. संध्याकाळपर्यंत चाळीचे सगळे नळ कोरडे पडले आणि रात्रीपासून कर्फ्यू लागला. दुरुस्तीवाले शनिवारी सकाळी येतील असा निरोप आला.

तावडेमामा पहिल्या मजल्यावर राहायचे. चिपळूणकडचे. लढाईत लिबियाच्या वाळवंटात होते, पेन्शन घेतल्यावर गिरणीच्या गेटवर वॉचमन लागले. गुरुवारी सकाळी सहा वाजता त्यांनी अंगणातल्या हौदात काठी बुडवली. पाच विती पाणी. हौद नुकताच घासून भरलेला होता, गाळून उकळून पिता आलं असतं. मामांनी झाकणाला आपल्या ट्रंकेचं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी विचारलं, मलाच का.

"तुला लिहिता येतं. आणि तू कमी बोलतेस."

ऑर्डर अशी होती. खोलीला दिवसाची एक कळशी, सकाळी सातला. तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नाही. भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग त्या पाण्यात विसळायची. विसळलेलं पाणी पिंपात जमा करायचं, ते संडासाला. आंघोळ बंद, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. वरच्या मजल्यावरच्या एकाने विचारलं की, मामा, गिरणीचा कापूस अंगावर घेऊनच झोपायचं का?

मामा म्हणाले, "झोप. मी तिकडे तीन आठवडे बूट काढले नव्हते."

"तरीच शत्रू पळाला."

सगळे हसले. मामाही हसले.

दुपारी सुमनच्या बेबीला हगवण लागली. सुमन माझ्या शेजारच्या खोलीतली, बेबी दीड वर्षांची. मागच्या चाळीतला कंपाउंडर गच्चीवरून येऊन बघून गेला. उकळलेलं पाणी आणि मीठ घातलेली पातळ पेज चमच्या-चमच्याने देत राहा, थांबू नका, असं त्याने बजावलं. पाणी कमी पडलं तर पोर हाताला लागणार नाही, हे त्याने सुमनला नाही, मामांना सांगितलं. मी बाजूला उभी होते.

शुक्रवारी सकाळी सातला वाटप झालं. मामांनी काठी घातली. वीतभर उरलं होतं.

"हे उद्यापर्यंत बेबीचं. कुणी मागितलं तर?"

"नाही म्हणायचं."

"म्हणून दाखव."

मी म्हटलं.

"मला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आठ वाजता चौदा नंबरमधले नाना गेले. म्हातारे होते, बरेच दिवस अंथरुणावर होते. मामांनी नाक्यावरच्या पोलिसांकडे जाऊन मसणात न्यायचा पास मिळवला. चार माणसांना परवानगी होती, त्यात मामा स्वतः. साडेनऊला ते नानांना घेऊन निघाले. जाताना म्हणाले की परत आल्यावर खांदेकऱ्यांच्या डोक्यावर एक-एक तांब्या, बस्स.

दहाच्या सुमारास नानांची बहीण तानूमामी माझ्या दारात आली. मागे बायका होत्या. सगळ्यांनी नानांना हात लावला होता. आंघोळ केल्याशिवाय कुणाला चुलीला शिवता येत नव्हतं, आणि चौदा नंबरची जमीन धुवायची होती. मी सांगितलं की मामांची ऑर्डर आहे. बहुतेक तिला ते ऐकू गेलं नसावं.

"गो शेवंता, हवालदार काय आमचो भट लागून गेलो? भाऊ गेलो माझो. किल्ली दी."

तिचे डोळे सुजले होते. मी मान खाली घातली आणि कनवटीची किल्ली काढून दिली.

मला वाटलं, एक-एक तांब्या घेतील. त्या अकराजणी होत्या. दाराला टेकून मी बादल्यांचा आवाज ऐकत उभी राहिले. बाहेर गेले नाही.

मामा बारा वाजता परत आले. त्यांनी अंगणातली ओल पाहिली आणि सरळ काठी घेतली. ती वर आली तेव्हा टोकाला दोन बोटं गाळ होता.

"कुणी उघडला?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. तेवढ्यात सुमन बेबीला घेऊन जिन्यात आली. बेबीचे डोळे खोल गेले होते आणि रडताना पाणी येत नव्हतं. सुमनने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, माझ्या पोरीचं पाणी कुणी सांडलं?

मामा म्हणाले, "मी सांगितलं होतं द्यायला. माझा अंदाज चुकला."

कर्फ्यू चार वाजता तासभर उठणार होता. मामांनी बेबीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी दोन कळशा उचलल्या. रस्त्यापलीकडच्या चाळीला नळ होता. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "तुझा पॉइंट दरवाजा. सोडायचा नाही."

पहिली खेप साडेबाराला आली. सुमनने पाणी चुलीवर ठेवलं. मामा लगेच दुसऱ्या खेपेला गेले. पाच मिनिटांनी नाक्यावरून माणसं पळत आली आणि दगड सुरू झाले. दोन्हीकडून येत होते. मी फटीतून पाहत होते. मामा कळशा घेऊन चालत होते, पळत नव्हते. पळालं की पाणी सांडतं. दारापासून दहा पावलांवर एक दगड त्यांच्या कानामागे बसला. कुणाचा, ते कुणी सांगू शकलं नाही. ते गुडघ्यावर बसले, कळशा खाली टेकवल्या आणि मग आडवे झाले.

मी पॉइंट सोडला. त्यांच्यापाशी गेले.

"आधी पाणी आत."

"मामा, रक्त येतंय."

"आधी पाणी."

मी दोन्ही कळशा आत नेल्या. मग माणसांनी त्यांना आणलं. माझ्या मांडीवर डोकं होतं. त्यांनी विचारलं, "झाकलंस?" मी हो म्हटलं. नंतर ते बोलले नाहीत.

बेबीला रात्रभर चमच्या-चमच्याने पाणी दिलं. पहाटे तिला लघवी झाली आणि सुमन भिंतीला टेकून रडली. शनिवारी दहा वाजता नळाला पाणी आलं. रविवारी हवालदार विश्राम तावडे इस्पितळात वारले. गावाहून पुतण्या आला आणि ट्रंक घेऊन गेला.

आता माझ्या घरी चोवीस तास नळ आहे. तरी मी तांदळाचं पाणी फेकत नाही. नातवंडं म्हणतात, आजीला कंजूषपणाचं पदक द्या. मी हसते.

चळवळीत गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा मामांचं नाव येत नाही. ते मोर्चात नव्हते. चाळीत मात्र त्यांचा विषय निघायचा. माणूस चांगला होता, पण त्या दिवशी त्याचा अंदाज चुकला, असं लोक म्हणायचे. तानूमामीलाही वाटलं की मला तशी परवानगी होती. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायचे. बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. बेबी आता स्वतः आजी झाली आहे. तीही तसंच सांगते.

म्हणून लिहून ठेवते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता हौद मी उघडला. ऑर्डर नव्हती. हवालदार विश्राम तावडे यांचा अंदाज चुकला नव्हता.