मामांचं चित्र राहून गेलं

माणसं लक्षात ठेवायची तर डोळ्यांपुढे त्यांचं काहीतरी अचाट चित्र उभं करायचं, हे मी संगमनेरच्या एका कार्यशाळेत शिकलो. चित्र जितकं येडपट, तितकं पक्कं. शिकवणाऱ्या गृहस्थांना जेवणानंतर स्वतःचा चष्मा सापडेना, पण मी तिकडे कानाडोळा केला.

कारण राहात्याजवळ पुतणीचं लग्न होतं आणि माईक माझ्याकडे होता. आमच्या भागात लग्न नुसते भटजी लावत नाहीत, माईकवालाही लावतो. मंगलाष्टकांआधी तो एकेक नाव पुकारतो आणि त्या मानाच्या माणसांना फेटे बांधतात. कुणी राहिलं की जन्माचा अबोला. नावांची चिठ्ठी घेऊन उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून चित्रं रचली. डेअरीचे चेअरमन दुधाच्या कॅनमध्ये बसून मिशा धुताहेत. माजी सरपंच जेसीबीच्या बकेटमध्ये घोरताहेत. व्याह्यांच्या डोक्यावर पेरूचं झाड, त्यावर भांडखोर पोपट. हळदीला मी ही सगळी चित्रं घरात ऐकवली. नवरीचे मामा तर हसता हसता खाटेवरून घसरले.

लग्नात माईक हातात घेतला आणि काय सांगू! कॅन, जेसीबी, पेरू, सगळे हाकेसरशी हजर. फेटे बांधले, टाळ्या पडल्या. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन पुकारलं, "आता मामांनी नवरीला मांडवात आणावं!"

कुणीच येईना. तेव्हा उमगलं, मामांना फेटाच बांधलेला नाही. साधा, घरचा माणूस, त्याचं कसलं चित्र काढायचं, म्हणून मी काढलंच नव्हतं. नेमका तोच गळला.

मामा कार्यालयामागे टेम्पोत दार लावून बसले होते. बाहेर नवरी रडवेली. "काका, मामांशिवाय मी उभी राहणार नाही." कार्यालयातून भटजींच्या हाका.

"मामा, चुकलं. चला, मुहूर्त टळतोय."

"फेट्याचं न्हाई ओ, पाव्हणं," मामांनी काच बोटभर खाली केली. "समद्यांची चित्रं ऐकली. चेअरमन कॅनमधी, सरपंच जेसीबीत. मला कुठं बसवलंत?"

"तुम्हाला... हत्तीवर!"

"हत्तीवर कुनीबी बसतंय."

"हेलिकॉप्टरला लोंबकळताय! धोतराचं पॅराशूट झालंय, वरून गुलाब उधळताय."

काच पूर्ण खाली आली. "आन् चेअरमन?"

"खाली. कॅनमधून मान वर करून तुमच्याकडे बघताहेत."

दार उघडलं. "हे माईकवर सांगा."

सांगितलं. मांडव खदखदला. फेटा बांधून मामा भाचीला असे घेऊन आले, जणू आत्ताच आभाळातून उतरलेत. मुहूर्त साधला, अक्षता पडल्या.

आणि पहिल्या रांगेतून चेअरमन उठून तडक माझ्याकडे आले. कॅनचा राग आला असणार, म्हणून मी हात जोडले.

"कॅनचं राहू द्या," ते म्हणाले. "पण त्यांना वर आणि मला खाली, हे कुणाच्या सांगण्यावरून?"