वच्छलाबाईला दुष्काळ पुरवून वापरायचा होता

सुंदरराव म्हणजे चकलांब्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, सोसायटीत दूध उरलं नाही. चेअरमन मात्र उरले होते, तेही कडक इस्त्रीत. बोलायला विषय तेवढा नव्हता. तो वच्छलाबाईनं पुरवला.

वच्छलाबाई ऊसतोड करणारी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वच्छलाबाई आणि तिची जाऊ केसरबाई, दोघीही विधवा. त्यांनी जावा-जावांचाच एक कोयता केला होता. केसरबाईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा वच्छलाबाई आपलं एक द्यायला निघाली. तपासण्यांत सगळं जुळलं, अडलं ते कायद्यात. बहीण चालते, आई चालते; जाऊ जवळच्या नात्यात बसत नाही. परवानगी देणाऱ्या मंडळानं माया सिद्ध करायला दोघींचे जुने फोटो मागितले. उसाच्या फडात फोटो काढायला कोण येतंय?

तेवढ्यात बातमी आली, की अवयवदानाचे नियम तपासणारी खासदारांची समिती औरंगाबादला लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. सुंदररावांनी लगेच भाषण लिहिलं, त्यात दुधाचा भावही घुसवला, आणि वच्छलाबाईला घेऊन गेवराईहून एसटी धरली.

समितीच्या अध्यक्ष एक खासदारबाई होत्या. सुंदरराव "सन्माननीय" एवढंच म्हणाले, तोवर त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा. यांना बोलू द्या."

चेअरमन इस्त्रीसकट बसले.

"बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"मला कोन दाबतंय? मीच केसरला दाबून तयार केली. लई भांडली माझ्यासंगं."

"मग इतकी घाई का?"

"दुष्काळ सरायच्या आत उरकायचंय, बाई."

खासदारबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"डॉक्टर म्हनले, देनारीनं काही महिने वजन उचलायचं न्हाई. यंदा ऊस वाळला, टोळ्या घरी. आमाला इतकं रिकामं कदी मिळालंय? पाऊस पडला की पेरनी निघंल, मग तोड. मग केसर दवाखान्यात पाय ठेवनार न्हाई. म्हनंल, तू मोळी कशी उचलशील?"

सुंदररावांनी जन्मभर दुष्काळावर निवेदनं दिली, मोर्चे काढले, दुष्काळाला शिव्या घातल्या. पण त्याच दुष्काळातून कुणी माणूस वाचवू पाहील, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. जायकवाडी पहिल्यांदा काठोकाठ भरलेलं पाहताना त्यांचं तोंड असंच उघडं राहिलं होतं.

"फोटो हवेतच, असं नियमात कुठं आहे?" खासदारबाईंनी अधिकाऱ्याला विचारलं.

अधिकाऱ्यानं पानं पुढं उलटली, मागं उलटली. "उदाहरण म्हणून दिलंय, मॅडम."

"मग माणसांच्या साक्षी का चालू नयेत? परवानगी देणं आमच्या हातात नाही. पण हे अहवालात येईल."

मंडळाला साक्षी घ्याव्या लागल्या. अख्खी टोळी हजर झाली. राधाकिशन मुकादम म्हणाला, "साब, ह्या दोघी अबोला धरतात तवा फडात कुनाला भाकर गोड लागत न्हाई." परवानगी मिळाली.

परवानगी घेऊन परतताना एसटीत सुंदररावांचं भाषण अजून तसंच खिशात होतं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "वच्छलाबाई, त्या दिवशी समितीत येवढ्या मोठ्या मानसांपुढं भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की, चेअरमन," ती म्हणाली. "त्यांच्या मागच्या खिडकीत एक काळा ढग दिसत हुता."