रडक्या पोरांची अक्का

“रडलं का?” दार उघडलं की अक्काचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार नंतर, पाणी नंतर. दत्तक मूल नुकतंच घरी आणलेल्या आईबापांना वाटायचं, ही बाई कसलं अभद्र विचारते! आमच्या संस्थेतर्फे अक्का अशा घरांना भेटी द्यायची, आणि मी निपाणीहून नवी आलेली, तिच्या मागे मागे.

ती पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची. मराठीत कन्नड कालवून बोलायची. “स्वल्प थांब गं,” ती मला सांगायची, “न रडणाऱ्या मुलाला कळून चुकलेलं असतं, रडून कोणी येत नाही. आपलं माणूस मिळालं की मग बघ कसं भोकाड पसरतं.” एखादी आई कपाळाला हात लावून म्हणाली, “पोर रात्रभर रडली हो,” की अक्का तिच्याकडे पेढे मागायची.

इंदिरानगरच्या एका जोडप्याने तीन वर्षांची मुलगी नेली. “हे तुझं घर बरं का,” असं अक्कानेच तिला सांगितलं. मुलगी अगदी शांत. ताटात पडेल ते खायची, कधी काही मागायची नाही. नवरा-बायको खूश. अक्काला मात्र घोर लागला.

काही महिन्यांनी मुलगी रडायला लागली. आई नजरेआड झाली की किंचाळायची, बाबांना चावायची. अक्का केवढी हरखली! तेवढ्यात त्यांचा फोन आला. “आधी अशी नव्हती. आम्हाला झेपत नाही, घेऊन जा.”

अक्काने त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. “अहो, तुम्हाला आपलं मानलं म्हणून रडतेय ती! एवढं निभावून न्या.” छे! त्यांचं ठरलं होतं. मेल्यांना मूल नको होतं, शोकेसमधली बाहुली हवी होती. तुम्ही काहीही म्हणा, माझा राग अजून जात नाही. मुलगी आईच्या कुर्त्याला लोंबकळत होती. एकेक बोट सोडवावं लागलं, आणि ते अक्काने सोडवलं.

त्यानंतर तिने काम सोडलं. मी घरी जाऊन विनवलं, तर म्हणाली, “‘तुझं घर’ असं मीच तिला म्हटलं होतं. आता कुठल्या तोंडाने कुणाला सांगू?” वर्षभरात ती गेलीच.

परवा त्याच मुलीला मी होसकोट्याच्या एका शिक्षक जोडप्याकडे नेलं. माणसं चांगली वाटली. मुलगी दाखवलेल्या जागी गुपचूप बसली. बाई तिच्या चपला काढायला खाली वाकल्या, तर तिने पाय मागे घेतले.

“राहू देत,” ती म्हणाली, “परत जायचंय ना.”