पाचवी पेटी

भुताखेतांच्या, दैवी संकेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला आधी हसू येतं. मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर, राहायला नेरूळला, काम कंट्रोल पॅनेल बनवण्याचं. मीटरवर दिसत नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी हे लिहितेय...

ऑफिसमधली मैत्रीण विशाखा तळवलीची. तिच्या हळदीला मी हौसेने मांडवात पाच पेट्या टांगल्या, चार पुढे आणि पाचवी मागे, जेवणाच्या टेबलांवर. आत झेंडूच्या पाकळ्या. बटण दाबलं की आउटपुट मॉड्यूल प्रत्येक पेटीच्या कडीला करंट देणार, कडी सरकणार, झाकण उघडणार!

दुपारी रिकाम्या पेट्यांची ट्रायल घेतली. चार मस्त चालल्या. पाचवीला मॉड्यूलवर लाल दिवा — ओव्हरकरंट. करंट जास्त ओढला गेला की मॉड्यूल जळू नये म्हणून तेवढं आउटपुट आपोआप बंद होतं. रिसेट केलं, पुन्हा तेच. मीटर लावला तर कडी ओढणारी कॉइलच शॉर्ट! दुसरी नव्हती. मी तिची वायर मॉड्यूलमधून काढून टोकाला टेप गुंडाळली. विशाखाच्या भावांनी मात्र बाकीच्यांबरोबर तीही पेटी भरून, कडी लावून टाकली.

संध्याकाळी बँजो सुरू झाला, हळद रंगात आली. विशाखाची आई मात्र मागे, जेवणाच्या टेबलांपाशी उभी.

"काकी, पुढे चला ना."

"नको गो बाय. नवरा गेलेल्या बाईनं हलद नाय लावायची. मी इथंच बरी हाय."

यावरून विशाखा सकाळी रडली होती. पण तिच्या आत्याने ठाम नाही सांगितलं होतं.

मी बटण दाबलं. चार पेट्या उघडल्या, शिट्ट्या, टाळ्या... आणि मागून कोणीतरी किंचाळलं. काकींच्या डोक्यावर, खांद्यांवर पाकळ्या पडत होत्या — नुसत्या पडतच होत्या! बँजोवालेसुद्धा थांबले.

सगळे आत्याकडे बघायला लागले. ती हळदीची वाटी उचलून तरातरा मागे गेली.

"वयनी, आता काय लपतेस? चल!" म्हणत तिने काकींचे दोन्ही गाल पिवळे केले. मग विशाखा धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. थोड्या वेळाने काकी अशा नाचल्या की आम्ही पोरी दमलो!

नंतर मी तपासलं. वायर टेपसकट तशीच लोंबत होती. कॉइल अजून शॉर्ट. शिडीवर चढले तर पाचव्या पेटीचं झाकण बंद, कडी घट्ट. आत एकही पाकळी नाही.

काकींना वाटतं, मी मुद्दाम केलं. मी परत परत सांगितलं, "काकी, खरंच, वायरच जोडलेली नव्हती हो!"

"नसंल," त्या हसून म्हणाल्या, "पन पाकल्या तर पडल्या ना?"