मिरचीशिवायचं चण्याचं भरीत

मंगळवारी सकाळी देवपूरच्या घरी आईने पेजेची वाटीही परत केली. किरणोपचारांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेले नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिला नळी नको होती.

मी काबुली चणे मऊ शिजवले आणि वांग्याच्या भरतासारखे लाकडी बडगीत ठेचले. लसूण, जिरे, तूप सढळ घातले. तोंड आतून सोलवटले होते म्हणून मिरची मना होती.

तिने जिभेला लावून पाहिले. "मिरची नही? मंग हाई कसानं भरीत शे!"

मी एक मिरची भाजून, ठेचून त्यात घातली. तिने डोळे घट्ट मिटून एक घास गिळला. दुसरा तोंडातच राहिला.

संध्याकाळी नळी घातली.