पाव किलोचा फरक

बायको आत कळा देत होती आणि हा गृहस्थ बाहेर वजनकाट्याचे कोपरे तपासत होता. खोटं वाटेल, पण सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे साऱ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या. बाळांची वजनं करायचा काटा प्रसूतिगृहाच्या पॅसेजमध्येच टेबलावर ठेवलेला होता. यानं खिशातून पितळेचं वजन काढलं, पारड्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवून ठेवलं, आकडा जराही हलत नाही याची खात्री केली आणि मगच बाकावर टेकला. निदान काटा तरी सरळ आहे, असं तो सासूबाईंना म्हणाला. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता धंदाच त्याचा तो, त्याला तरी काय बोलायचं? दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारात त्याला सगळे काटेकोर म्हणत, आणि हे नाव कौतुकाचं की टिंगलीचं याचाही त्याला संशय होता. पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं, हळूच टेकवलेले अंगठे, एवढं सगळं आयुष्यभर पाहिल्यावर माणसाचं मन नासायचंच. घरी आणलेली भाजी तो पुन्हा तोलायचा. कोणी फार गोड बोललं की काहीतरी शिजतंय असं त्याला वाटायचं. बायको नेमकी उलट. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करून डोळे बिघडले होते, जाड भिंगांचा चष्मा होता, पण माणसावर भरवसा टाकायला तिला नजर लागत नसे. भाजीवाल्याला ती सरळ सांगायची, तुम्हीच चांगली बघून द्या. दोघांत एक तरी माणूस असं आहे म्हणून संसार चाललाय, असं सासूबाईंचं मत होतं. ते खोटंही नव्हतं.

मुलगी झाली. सिस्टरनं बाहेर आणून काटेकोराला दाखवली. किती वर्षं वाट पाहिली होती, किती दवाखाने पालथे घातले होते, ते त्या दोघांनाच माहीत. फुगलेले गाल, ओलं काळंभोर जावळ, मिटलेल्या मुठी. त्याच काट्यावर वजन झालं, तीन किलो शंभर. त्यानं तो आकडा मनात कोरून ठेवला. बायकोला आत लेक दाखवलीही म्हणे, पण तिचा चष्मा तेव्हा सासूबाईंच्या पिशवीत होता. तिला दिसला फक्त एक लालसर गोळा. तरी ती रडली, हसली, आणि माझी बाई ती, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळाचा रंग पिवळट वाटला म्हणून डॉक्टरीण बाईंनी तिला निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं. त्या खोलीत आणखीही बाळं होती. पाजायच्या वेळी आणून द्यायचे, पुन्हा न्यायचे. शेवटी तिसऱ्या दिवशी सिस्टर बाळाला कायमचं ठेवून गेली, आणि दुपटं सारखं करताना त्याला दिसलं की मनगटावरची नंबराची पट्टी मनगटावर नाहीच, दुपट्यात पडली आहे. सिस्टर लगबगीनं परत आली, अरेच्चा, निसटली वाटतं, असं म्हणून तिनं पट्टी पुन्हा हातात चढवली आणि गेली. झालं. याच्या मनात पाल चुकचुकली.

तो बाळाकडे निरखून पाहू लागला. गाल असे फुगलेले होते ना? आता कुठे गेले? जावळ काळंभोर होतं, हे तर तपकिरी दिसतंय. नाकाचंही काहीतरी वेगळं. पण नाका-डोळ्यांचा त्याला भरवसा नव्हता, भरवसा एकाच गोष्टीचा. सासूबाई डुलकी घेत होत्या तेव्हा त्यानं बाळाला उचललं, पॅसेजमध्ये नेलं आणि काट्यावर ठेवलं. दुपट्याचं, टोपीचं, मोज्यांचं वजन तसलेच दुसरे कपडे काट्यावर ठेवून वजा केलं. दोन किलो आठशे पन्नास. पितळेचं वजन काढून काटा पुन्हा तपासला. काटा पहिल्यासारखाच सरळ. म्हणजे काटा चुकला नाही, तर मग माल बदललाय. तीन दिवसांत मूल वाढेल, घटेल कशाला?

आता शहाण्या माणसानं सिस्टरला जाऊन विचारलं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही, तो पाळत ठेवतो. ज्यानं घोटाळा केला तोच खरं सांगेल यावर त्याचा विश्वास कसा बसावा? तो गेला बायकोकडे. आधी आडून आडून विचारलं, जन्मली तेव्हा नाक असंच होतं का गं? तिनं हसून उडवून लावलं. लेकीला छातीशी धरून ती कसलंसं गाणं गुणगुणत होती, सुरात नव्हतं, पण त्या माऊलीला त्याची पर्वा नव्हती. तेव्हा यानं सगळं ओतलं. पट्टी, जावळ, गाल आणि पाव किलो.

"काटा मी स्वतः तपासलाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तू तिला नीट पाहिलं होतंस ना? शपथेवर सांगशील, हीच होती म्हणून?"

तिचं गुणगुणणं थांबलं. शपथेवर ती कशी सांगणार? जन्मली तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिनं बाळाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. हात होते तिथेच राहिले, पण ताठ झाले. दुसऱ्याचं मूल क्षणभर सांभाळायला दिलं तर बाई जशी धरेल तशी तिनं लेकीला धरलं होतं. थोड्या वेळानं मूल भुकेनं रडू लागलं, तर ही नुसती बघत राहिली. सासूबाई जाग्या होऊन ओरडल्या, तेव्हा कुठे तिनं पदर सरकवला, आणि मूल पीत असताना तिचे डोळे भरून वाहत होते. काटेकोराला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण आपण खरं तेच बोललो असं त्याला वाटत होतं.

शेजारच्या खोलीत बसड्रायव्हरची बायको होती. तिचीही मुलगीच, आणि तीही निळ्या दिव्याखालून आलेली. काटेकोर अभिनंदन करायच्या निमित्तानं आत शिरला. ड्रायव्हर मोकळा माणूस, त्यानं मूल याच्या हातात दिलं. यानं तळहातावर जोखलं. गालही याच मुलीचे फुगलेले वाटले. मग पुढचं भान राहिलं नाही. बाळाला जरा हवेवर नेतो, असं काहीबाही पुटपुटत तो सरळ पॅसेजमधल्या काट्याकडे निघाला. ड्रायव्हर मागून धावला. अहो, कुठे निघालात आमचं पोर घेऊन? आवाज ऐकून सिस्टर आली, शेजारपाजारच्या खोल्यांतली माणसं आली, आणि एवढ्या लोकांसमोर काटेकोराला सगळं सांगावं लागलं.

सिस्टर वयानं मोठी होती. ती आधी रागावली, मग तिला हसू आवरेना. तिनं सांगितलं, पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन घटतं. पोटातून आणलेलं पाणी जातं, अंगावरची सूज उतरते. गाल उतरतात, मनगट बारीक होतं, म्हणून तर पट्टी निसटली. जावळ वाळल्यावर फिकं दिसतं. आठवडा-दोन आठवड्यांत वजन पुन्हा जागेवर येतं, सगळ्यांचंच येतं.

"आणि पट्ट्या दोन असतात," ती म्हणाली. "एक हाताला, एक पायाला, आणि तोच नंबर आईच्या मनगटाला. मोजे वजनातून वजा केलेत, काढून नाही पाहिलेत?"

ड्रायव्हर पोट धरून हसला. काटेकोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण लाजेहून आनंद मोठा होता. जीवात जीव आला. तो जवळजवळ धावतच खोलीत शिरला, बायकोसमोर बाळाचा मोजा ओढून काढला, आणि घोट्यावरची पट्टी दाखवत सिस्टर काय काय म्हणाली ते एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंनी जावयाची अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या खोलीतलं हसणंही थांबलं. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आपलं चुकलं, साफ चुकलं, असं दोनदा कबूल केलं. आपलीच आहे गं, हे मात्र दहादा म्हणाला.

बायकोनं चष्मा नीट केला. घोट्यावरचा नंबर वाचला, मग स्वतःच्या मनगटावरच्या पट्टीवरचा वाचला, मग पुन्हा घोट्यावरचा. बाळाला जवळ घेऊन तिनं पाजायला घेतलं.

"काल ती माझी होती," ती शेवटी म्हणाली. "मला काही दिसलं नव्हतं तरी माझी होती. आज नंबर जुळतोय म्हणून माझी आहे."

तो म्हणाला, होईल गं परत तसं, चार दिवसांत विसरशील. तिनं विचारलं, घरी सोडताना या पट्ट्या कापून टाकतात ना? हो, टाकतात. मग त्यानंतर काय बघायचं? त्याच्या ओठांवर आलं की माझ्यावर विश्वास ठेव, पण हे वाक्य त्यानं जन्मात कोणाचं मानलं नव्हतं, आणि तिच्याकडे बघून ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही. तो खाटेच्या कडेला बसून राहिला.

बाळ पिऊन झोपी गेलं. सासूबाईंनी मोजा पुन्हा चढवला, दुपटं घट्ट गुंडाळलं आणि त्या गरम पाणी आणायला गेल्या. दार लागल्यावर बायकोनं दुपटं हळूच सोडलं, मोजा खाली ओढला आणि नंबर पुन्हा वाचला.